नुसतं ‘लक्ष दे’ म्हणू नका: तपासणीच्या टेबलावर लक्ष कसं वापरायचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन केलेल्या जॉबची, म्हणजे मशीनवर तयार केलेल्या धातूच्या भागांची, तपासणी करण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. आता माझ्या हातात जॉब कमी आणि समोर शिकाऊ मुलंमुली जास्त असतात. कोणी येळ्ळूर-देसूरचं, कोणी खानापूरच्या आतल्या गावातनं बस बदलून येणारं, कोणी चंदगडकडनं रोज हद्द ओलांडून येणारं. आयटीआय झालेलं असतं, व्हर्नियर धरता येतो, ड्रॉइंग वाचता येतं. तरी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकच वाक्य ऐकावं लागतं, “लक्ष कुठं हाय तुझं?” सुपरवायझर म्हणतात, शेजारचा ऑपरेटर म्हणतो, माल परत आला की मालकही म्हणतात.

मला या प्रश्नाचा राग येतो. पोरगं लक्ष देतच असतं. ते कुठं द्यायचं, किती वेळ द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. माणसाचं लक्ष मोजकं आहे आणि दमदाटीनं ते वाढत नाही. त्या मोजक्या लक्षाची वाटणी कशी करायची ते इथं लिहिते. उदाहरणं माझ्या टेबलावरची आहेत, पण शाळेत पेपर तपासणाऱ्यांना, छापखान्यात मुद्रितं वाचणाऱ्यांना, वडगावात मागावरचं कापड बघणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

नजरेची वाट आधी ठरवा

हात सरळ पुढं करा, अंगठा उभा धरा आणि नखाकडं बघा. डोळ्याला एका वेळी खरोखर स्वच्छ दिसतं ते साधारण एवढंच, जेमतेम 2 अंशांचं वर्तुळ. बाकीचं अंधुक असतं. तरी आपल्याला सगळं चित्र स्वच्छ दिसल्यासारखं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत असतो आणि मेंदू ते तुकडे सांधत असतो. उडी चालू असते तेवढ्यापुरतं बघणं जवळजवळ बंदच असतं. म्हणून जॉब हातात गरकन फिरवून “बघितला” म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याची नजर कुठं टेकली आणि कुठं टेकलीच नाही, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

यावर उपाय एकच: नजर कुठून कुठं जाणार ती वाट ठरवून टाकायची आणि ती कधीही बदलायची नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी घ्या, म्हणजे दाबाखालचं तेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेचं बाहेरचं कवच. ती डाव्या हातात धरायची, पार्ट नंबर कोरलेली बाजू आपल्याकडं. टेबल लॅम्प डोक्यावर नको, डावीकडून आडवा हवा. तिरप्या उजेडात चिरेची सावली पडते. वरून उजेड आला तर चीर आणि टूलमार्क (कापणाऱ्या हत्याराच्या रेघा) सारखेच दिसतात. वरच्या फेसवर, म्हणजे सपाट बाजूवर, घड्याळातल्या बाराच्या जागेपासून निघायचं आणि गोल फिरून परत बारावर यायचं. मग एकेक पोर्ट, म्हणजे तेल आत-बाहेर जायचं भोक. प्रत्येक पोर्टात आधी पहिला आटा, मग तळ. मग बोअर, म्हणजे आरपार गेलेलं मुख्य भोक: टॉर्च पलीकडच्या तोंडाशी धरायचा आणि अलीकडून आत बघायचं. भिंत बघून झाली की ओ-रिंगची (रबरी कडीची) खाच, आणि सगळ्यात शेवटी आडवं भोक मुख्य बोअरला जिथं छेदतं ती कड.

त्या कडेपाशी थांबा. तिथं राहिलेला बर, म्हणजे कापताना कडेला सुटलेला धातूचा कण, कधीकधी केसाएवढा असतो. बोटाला लागत नाही, समोरून बघितलं तर दिसत नाही. टॉर्च हळूहळू हलवला तर एकदाच चमकतो. व्हॉल्व्ह चालू झाल्यावर तेलाच्या दाबानं तो सुटतो, स्पूल (बोअरमध्ये मागंपुढं सरकणारा दांडा) आणि बोअरच्या मधे शिरतो, दोन्हीवर चरे पडतात आणि स्पूल अडकतो. छेद कुठं कुठं आहेत ते नव्या मुलांनी लॉट सुरू होण्याआधीच ड्रॉइंगवर पेन्सिलनं गोल करून ठेवावेत. हातात जॉब घेतल्यावर ते आठवत बसायचं नाही.

माझी आई सुपात तांदूळ निवडायची तेव्हा मूठभरच दाणे पुढं ओढायची, आणि तेवढे निवडून झाल्याशिवाय दुसऱ्या मुठीला हात लावायची नाही. मुलांना मी हेच सांगते, पुढचा भाग तोवर नाहीच असं समजायचं.

एका फेरीत एकाच जातीचा दोष

हिरव्या रेघांच्या गर्दीत एकच लाल रेघ असेल तर ती लगेच दिसते, गर्दी कितीही वाढली तरी. पण गर्दीत लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघा असतील आणि शोधायची असेल लाल उभी, तर एकेक रेघ बघत जावं लागतं आणि गर्दीबरोबर वेळ वाढत जातो. अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञांनी एका सहकाऱ्याबरोबर 1980 मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा हा गाभा आहे. काळ्या कास्टिंगवरची (ओतीव भागावरची) पांढऱ्या खडूची खूण पहिल्या जातीची, कोणालाही दिसते. चीर दुसऱ्या जातीची. ती काळी असते पण टूलमार्कही काळे असतात, ती बारीक असते पण तेही बारीक असतात. ती फक्त त्यांच्या चालीनं न जाता मधेच वळते. अशी वस्तू शोधायला सगळं लक्ष लागतं, आणि त्याच वेळी डोक्यात बर, सँड होल (ओतताना वाळूनं पडलेला खड्डा), डेंट, आटे असं सगळं ठेवलं तर कशालाच पुरेसं लक्ष उरत नाही.

म्हणून पहिली फेरी फक्त कास्टिंगच्या दोषांची: ब्लो होल (ओतताना हवेनं पडलेली पोकळी), सँड होल, चीर. दुसरी फक्त मशीनिंगच्या दोषांची: बर, राहिलेला टूलमार्क, आपटल्याचे डेंट. आटे डोळ्यांवर सोडायचेच नाहीत, तिथं गो-नोगो गेज, ज्याचं एक टोक आट्यात जायलाच हवं आणि दुसरं जाताच कामा नये. सुपरवायझर लोकांना वाटतं की फेऱ्या वाढवल्या की वेळ वाढणार. वाढतो, पण वाटतो तितका नाही. एका फेरीत एकच प्रश्न असला की डोळा अडखळत नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे शोधायचं ठरवलं ते सापडतं आणि जे ठरवलं नाही ते डोळ्यांसमोर असूनही हुकतं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांचा 1999 चा गोरिलाचा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल: चेंडूचे पास मोजायला सांगितलेल्या निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. मला त्याहून 2013 चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तपासणीच ज्यांचा व्यवसाय आहे अशी माणसं होती. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्यावरून कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर नेमकी त्या जागेवरून गेली होती.

म्हणून दोन ठरलेल्या फेऱ्यांनंतर मी एक मोकळी फेरी ठेवते. जॉब हातभर लांब धरायचा, काहीही न शोधता बघायचा आणि स्वतःला विचारायचं: हा जॉब नेहमीसारखा आहे का? एखादं भोकच पाडायचं राहिलं, एखादा फेस उलट्या बाजूला मारला, पार्ट नंबर दुसऱ्याच मॉडेलचा पडला, असल्या ढोबळ चुका याच फेरीत सापडतात. बारीक फेऱ्यांत त्या निसटतात हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

एक दोष सापडला की वाट सोडून द्यायची सवय सगळ्यांनाच असते. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांमध्ये हे फार पूर्वीपासून माहीत आहे: पहिली विकृती सापडली की दुसरी हुकण्याची शक्यता वाढते. बैलहोंगलकडचा एक मुलगा माझ्याकडं शिकत होता. “अक्का, इल्लि नोड्री” (अक्का, इकडं बघा) म्हणून त्यानं फेसवरचं सँड होल दाखवलं आणि जॉब खराब मालाच्या लाल क्रेटमध्ये टाकायला निघाला. त्याला म्हटलं, मार्करनं खूण कर आणि वाट पूर्ण कर. त्यानं केली, तर मागच्या पोर्टात आटे अर्ध्यावरच संपलेले. सँड होल ही फाउंड्रीकडची गोष्ट, एका जॉबपुरती. आटे अर्धे म्हणजे टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटलाय आणि ड्रिलवर जॉब तसेच पुढं चाललेत. जाऊन बघितलं तर तसंच होतं, आणि पुढचा सगळा माल वाचला. जॉब पहिल्या दोषालाच क्रेटमध्ये गेला असता तर कळलं नसतं.

वीस मिनिटं झाली की उठा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला असं आढळलं की रडारसमोर बसलेले चांगले तयार झालेले लोकही काही वेळानं खुणा चुकवतात. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यावर केलेलं काम 1948 मध्ये प्रसिद्ध झालं. घड्याळासारखी कोरी तबकडी, तिच्यावर टप्प्याटप्प्यानं सरकणारा काटा. कधीतरी तो एकदम दोन टप्पे उडी मारायचा, तेवढंच टिपायचं. बसायचं दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या. माणसं आळशी नव्हती, झोपलेलीही नव्हती.

तेव्हा आठ तासांच्या शिफ्टमध्ये कोणालाही सलग दोन तास बारीक तपासणीला बसवू नका. माझ्या टेबलावर वीस-पंचवीस मिनिटांनी माणूस बदलतो. उठलेला माणूस गेज लावतो, टॅग लिहितो, तपासलेला माल तेलात बुडवून कागदात गुंडाळतो किंवा स्टोअरपर्यंत जाऊन येतो. हातानं काम आणि डोळ्याला विसावा. मोबाईल मात्र नाही. मोबाईल बघताना डोळा पुन्हा जवळच्या बारीक वस्तूवरच असतो आणि परत आल्यावर डोक्यात ते व्हिडिओ चालू राहतात. माणसं कमी असली तर अदलाबदल जमत नाही, मग एकाच माणसानं कामं बदलावीत: एक ट्रे डोळ्यांनी, एक ट्रे गेजनं.

महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते तेव्हाच हा नियम पहिल्यांदा मोडला जातो, आणि तेव्हाच तो सर्वांत जास्त लागतो. जिथं मोडला तिथून परत आलेला माल मी बघितला आहे. परत आलेला एक क्रेट पुन्हा तपासायला, पुन्हा पॅक करायला आणि ग्राहकाला कागद लिहून द्यायला लागणारा वेळ उठण्या-बसण्यात गेलेल्या वेळापेक्षा कितीतरी जास्त असतो. हे मालकांना तोंडी सांगून पटत नाही. परत आलेल्या मालावर गेलेले तास वहीत मांडून दाखवावेत.

माल चांगला असेल तर जास्त सावध राहा

ऐकायला हे उलटं वाटेल. वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, विमानतळावरच्या सामान तपासणीसारखा. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असायची तेव्हा लोक ती 7 टक्के वेळा चुकवायचे. तीच वस्तू 100 पैकी एकाच चित्रात असायची तेव्हा 30 टक्के वेळा चुकवायचे. जे क्वचितच येतं त्याला मन ‘नाहीच’ म्हणायला शिकतं, आणि शोध लवकर सोडतं. चांगल्या फाउंड्रीतून आलेला लॉट, चांगल्या ऑपरेटरचा लॉट, तिथंच हे होतं. शंभर जॉब चांगले निघाले की एकशे एकाव्याकडं आपण बघतो ते चांगलाच असणार असं गृहीत धरून.

यावर मी करते ते असं. आधी सापडलेले खराब जॉब जपून ठेवते, प्रत्येक जातीचे एक-दोन. न दिसणाऱ्या जागी पंच मारून नंबर घालते आणि तो नंबर वहीत. ट्रे तपासणीला जायच्या आधी त्यात अधूनमधून एखादा मिसळते. मुलांना हे माहीत असतं, फक्त कुठल्या ट्रेमध्ये ते माहीत नसतं. विमानतळावरच्या स्कॅनरवरही अशी खोटी चित्रं मधेमधे दाखवली जातात, याच कारणासाठी. दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. एक, मिसळलेला प्रत्येक जॉब ट्रे पुढं जाण्याआधी मोजून बाहेर काढायचा; सापडला नसेल तर ट्रे हलणार नाही. दोन, ज्याच्याकडून हुकला त्याला सगळ्यांसमोर बोलायचं नाही. हा सापळा झाला की पोरं मिसळलेला जॉबच शोधत बसतात, आणि मग खऱ्या दोषाला वाली राहत नाही.

कानाचं काय

आमच्या शॉपमध्ये लेथकडं कन्नड, असेंब्लीकडं मराठी, कंत्राटदाराच्या मुलांमध्ये हिंदी, आणि चहाच्या वेळी सगळ्यांचं एकत्र. नवीन मुलांना वाटतं या गलक्यात लक्ष लागणार कसं. लागतं. कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं लावली आणि एका कानातलं मोठ्यानं म्हणत जायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं काय चाललंय ते जवळजवळ काहीच कळलं नाही. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला तर कळलं. पण इंग्रजी जाऊन जर्मन सुरू झालं हे लक्षात आलं नाही. सीमाभागात राहून हे वाचताना मला फार नवल वाटलं. कुठल्या पाटीवर कुठली भाषा यावरून आपल्या आयुष्यात किती गोष्टी ठरतात, आणि लक्ष दुसरीकडं गुंतलं असेल तर कानाला ती बदललेलीसुद्धा समजत नाही.

पण हा पडदा सगळीकडून बंद नाही. नेव्हिल मोरे यांनी 1959 मध्ये दुसऱ्या कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं, तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. म्हणून माझ्याकडं कडक नियम आहे: तपासणीच्या टेबलावरच्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. काम असेल तर समोर येऊन उभं राहायचं आणि हातातला जॉब खाली ठेवेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला ऑपरेटर चिडतात. महिनाभरात सवय होते.

कोणी मधेच बोललंच, तर वाटेत जिथं होतो तिथून पुढं जायचं नाही. परत बारापासून. “बघून झालंय तिथपर्यंत” हे फसवं असतं.

आकड्यांच्या बाबतीत मात्र गलका खरोखर नडतो. एका वेळी मनात धरता येतील अशा गोष्टी नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या हिशेबानं चारेक. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सात म्हटलं होतं. त्यात शेजारी कोणी बोलत असेल तर ओळीनं धरलेले आकडे घसरतात, मग ते बोलणं न समजणाऱ्या भाषेत का असेना. बोअरची चार मापं मायक्रोमीटरवर घेऊन मग एकदम वहीत उतरवणारा मुलगा दिसला की मी त्याचा हात धरते. एक माप, एक नोंद. पेन डाव्या हाताला बांधून ठेवलं तरी चालेल, पण मनात माप नेऊ नका.

शिफ्ट सुटल्यावर खानापूर रोडवर दुचाक्यांची झुंबड उडते, म्हणून एक इथंच सांगते. कानात इयरफोन घालून बोलत गाडी चालवली तर हात मोकळे असतात, लक्ष मोकळं नसतं. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी 2001 मध्ये गाडी चालवण्यासारखं काम देऊन बघितलं, तर फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल जास्त हुकले आणि प्रतिसाद उशिरा आला, फोन हातात असो वा नसो. फोन आला तर कडेला थांबा.

आता शिफ्ट बदलताना काय करायचं ते. अर्धा तपासलेला ट्रे पुढच्या माणसाला तसाच देऊ नका. “इथपर्यंत झालंय” असं बोटानं दाखवलं तर पुढचा माणूस तेवढे जॉब चांगले धरून चालतो आणि तुम्हाला आधीची फेरी आठवत असते की शेवटची, ते कोणालाच कळत नाही. वेळ असेल तर ट्रे संपवा. नसेल तर सगळा ट्रे ‘तपासायचा’ या टॅगखाली परत लावा, वहीत नंबर खोडा आणि खाली सही करा. मिसळलेला जॉब त्या ट्रेमध्ये असेल तर त्याचा नंबर फक्त सुपरवायझरच्या कानावर घाला, टेबलावरच्या माणसाच्या नाही.